गेंड्याचे श्वास मोजायला एवढ्या लांब जायचं का?

प्रश्न: ताई, मी व्हेटर्नरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दक्षिण आफ्रिकेत वन्यप्राण्यांचं ट्रेनिंग करून आलेल्यांचे फोटो बघून मलाही जायचंय, पण काहीजण म्हणतात पैसे घेतात आणि नुसतं फिरवून आणतात. खरंच शिकायला मिळतं का? प्राण्यांना हात लावू देतात का?

उत्तर: हात लावायला मिळतो, पण भूल दिलेल्या प्राण्याला आणि तोही घड्याळाकडे बघत. मी शेवटच्या वर्षाला असताना गेले होते. पहिल्या गेंड्याच्या वेळी माझं काम काय, तर शेजारी गुडघ्यावर बसून त्याचे श्वास मोजायचे, बास. हिरमोडच झाला. नंतर कळलं की ते किती महत्त्वाचं होतं, कारण डार्टमधून (बंदुकीने लांबून मारायची सुई) एटॉर्फिन नावाचं भुलीचं औषध देतात, ते मॉर्फिनपेक्षा हजारो पटीने जालीम, जनावर काही मिनिटांत खाली बसतं पण श्वासही मंदावतो, त्यात दोन टनांचं धूड एकाच कुशीवर पडून राहिलं तर खालचे स्नायू आणि नसा दबतात म्हणून त्याला ढकलून छातीवर बसतं करायचं, डोळ्यांवर कापड, कानात बोळे, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि हे सगळं चाललेलं असताना कुणीतरी चेनसॉने शिंग कापतंय (शिंग म्हणजे आपल्या नखांसारखं केराटिनच, चोरटे शिकारी मागे लागू नयेत म्हणून बुंधा ठेवून कापतात, परत वाढतं) त्या आवाजात आकडा चुकवायचा नाही! शेवटी आम्ही सगळे गाडीत, डॉक्टरांनी कानाच्या शिरेत उतारा दिला आणि दोनेक मिनिटांत साहेब उभे.

एटॉर्फिनच्या बाटलीला मात्र आम्हाला हात लावू दिला नाही, बरोबरच आहे, माणसाला थेंबभर टोचलं तरी जिवावर बेततं. डार्ट भरायच्या आधी डॉक्टर दाखवायचे, मी पडलो तर हे इंजेक्शन मला द्यायचं. पोटात गोळाच यायचा.

आणि सगळे प्राणी वाचत नाहीत. एक इम्पाला (तिकडचं हरणासारखं जनावर) पकडताना फार पळाला, उठून गेला, आम्ही खूश, तिसऱ्या दिवशी मेलेला सापडला. कॅप्चर मायोपॅथी, पळून आणि घाबरून स्नायूच तुटायला लागतात. परीक्षेला यावर मी छान उत्तर लिहिलं होतं.

पैसे भरायच्या आधी त्यांना एकच गोष्ट विचार, त्या प्राण्याला भूल द्यायची गरज आहे म्हणून देतायत की तुमची बॅच आलीये म्हणून. सिंहाचे बछडे कुशीत घेतलेले फोटो जाहिरातीत असतील तर तिथे अजिबात जाऊ नकोस, तिथे बंदिस्त सिंहांची पैदास करतात आणि त्यातले काही मोठे झाले की कुंपणातल्या शिकारीला विकले जातात. रेबीजची लस आधीच घे, क्रुगर नॅशनल पार्ककडे जाणार असशील तर मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचार.

आणि जमेल तेवढा शिरेतून रक्त काढायचा सराव कर. मला एकदाच सिरिंज दिली होती, कानाची शीर सापडेना, दहा-पंधरा सेकंदांत ती शेजारच्या मुलीच्या हातात गेली.