पाटीवरची पेन्सिल

"मॅडम, मला डिप्रेशन आलंय का?" खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. वय ३८, दोन मुलं, घर सांभाळून शिवणकाम. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) जिना चढताना धडधडतं, रात्री झोप नाही, मुलांवर उगाच हात उगारला जातो, केस मूठमूठ गळतात. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा घरच्यांनी "सगळं डोक्यातलंच" म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

मीही चिंतेच्याच दिशेने प्रश्न विचारत होते. तेवढ्यात त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. नखं पांढुरकी, मध्ये चमच्यासारखी खोलगट. बोटांच्या टोकांना भुकटी.

"ताई, खडू खाता का?"

त्या ओशाळल्या. मग पर्समधून पाटीवरच्या पेन्सिलींची डबी निघाली. रोज चार-पाच, दीड वर्षापासून. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. माती, कच्चे तांदूळ, पेन्सिल खाण्याची अशी ओढ लोह कमी पडलं की बऱ्याच बायकांना लागते. ती काही वाईट सवय नव्हे, हे आधी त्यांना सांगितलं.

मग पाळीचं विचारलं. "ती वेळेवर येते हो, तिचा काही त्रास नाही." किती दिवस? आठ-नऊ. पहिले तीन दिवस दोन पॅड एकावर एक, तेही तासा-दोन तासाला बदलायचे. पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी. गादीवर कायम मेणकापड. "आईचंही असंच होतं," म्हणून यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. हे ऐकलं की माझा जीव तुटतो.

एका पाळीत ८० मिलीहून जास्त रक्त गेलं तर ते अतिस्राव धरतात. एक मिली रक्तामागे साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे ८० मिलीत ४०. जेवणातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषतं, आणि शरीराची रोजची गरजही त्यातूनच भागवायची असते. तूट साचत जाते. रक्तातून प्राणवायू कमी पोचतो, म्हणून हृदय जोरात धावतं; तीच ती धडधड. थकवा, चिडचिड, केस गळणं, सगळं त्याच्याच मागे.

मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ६.९ निघालं, बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय. थायरॉईडही मंदावलेलं. थायरॉईड मंद असलं की पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, शिवाय थकवा आणि उदासी त्यानेही येते. गळ्यातली ग्रंथी, गर्भाशय, रक्त, हृदय आणि मन, सगळे एकाच दोरीत गुंतलेले. डॉक्टरांनी शिरेतून लोह दिलं, थायरॉईडची गोळी सुरू केली. पुढे लोहाच्या गोळ्या आल्या, तेव्हा दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं आणि लोहाच्या गोळीवर चहा घ्यायचा नाही, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

समुपदेशन आम्ही थांबवलं नाही. मुलांना मारल्याचा सल मनात होताच, त्यावर बोलायला वेळ लागला. पण पेन्सिलची ओढ महिन्याभरात गेली.

तिसऱ्या भेटीला त्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी दाराशीच उभी राहिली. "मॅडम, हिलाही दोन-दोन पॅड लागतात. मी तिला म्हणत होते, असंच असतं."

मी मुलीला आत बोलावलं आणि तिच्या रक्ततपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली.