कोल्हापुरातील आमच्या छापखान्यात वापरत असलेल्या व्हीएस कोड या मजकूर-संपादकात 'शाहूपुरी-शाखा/पत्रिका-१२.पीडीएफ' अशा फाइलच्या मार्गातील एकेक पूर्ण टप्पा कंट्रोल-बॅकस्पेसने कसा खोडावा?

सेटिंग्जमध्ये 'वर्ड सेपरेटर्स' शोधून त्या चिन्हांच्या यादीतून संयोगचिन्ह आणि टिंब काढून टाका. दोन्ही तिरक्या रेघा मात्र राहू द्या. कंट्रोल-के व त्यानंतर कंट्रोल-एस दाबून शॉर्टकट बदलण्याचा विचार प्रथम मनात येतो, पण केवळ कळ बदलून येथे काही साधत नाही, कारण कोणत्याही कळीवर ठेवलेली 'डिलीट वर्ड लेफ्ट' ही आज्ञा शब्द कोठे संपतो हे याच यादीवरून ठरवते. मूळ यादीत संयोगचिन्ह आणि टिंब आहेत, म्हणून पहिल्या दाबाला फक्त 'पीडीएफ' जाते, बदलानंतर 'पत्रिका-१२.पीडीएफ' एकदम जाईल. अंडरस्कोअर त्या यादीत मुळातच नाही, त्यामुळे तेथे काही करावे लागत नाही. कोल्हापुरातील तुमच्या छापखान्यात फोल्डरांची नावे मराठीत असली तरी हाच नियम लागू पडतो, परंतु नावात मोकळी जागा असेल तर खोडणे तेथे थांबेलच.

हा बदल सरसकट करू नये, असे माझे मत आहे. डबल-क्लिकने होणारी निवडही याच यादीवर चालते, त्यामुळे प्रोग्राममध्ये टिंबाने जोडलेली दोन नावे एकच शब्द म्हणून निवडली जातील. म्हणून सेटिंग्ज मजकूररूपात साठवणाऱ्या जेसन फाइलमध्ये हा बदल फक्त 'प्लेनटेक्स्ट' (साधा मजकूर) या भाषेपुरता लिहावा आणि तेथे उलटी तिरकी रेघ दोनदा टंकावी.