पहारा कोणाचा, पगार कशात?

मागच्या अंकात पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या राजधानीत, बामाकोत, पेट्रोलपंपांवर लागलेल्या रांगांबद्दल लिहिलं होतं. सप्टेंबर २०२५ पासून जिहादी टोळ्यांनी सेनेगल आणि आयव्हरी कोस्टकडून मालीत येणारे टँकर अडवायला, जाळायला सुरुवात केली आणि ऑक्टोबरअखेर सरकारने शाळा दोन आठवडे बंद ठेवल्या. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेतो. मी प्राध्यापक नाही. जळगावच्या बाजारात तुरीची दलाली करण्यात उमर गेली. आफ्रिका मला आधी पोत्यांवरच्या शिक्क्यांतून कळली, पुस्तकं नंतर आली. उत्तरं त्या हिशेबाने वाचावीत.

मालीने फ्रेंच फौजा हाकलल्या आणि रशियन आणले. रशियाने आफ्रिकेत कधी वसाहती केल्या नाहीत. मग हे चांगलंच झालं ना?
– एक निवृत्त शिक्षक, एरंडोल

मास्तर, पहिलं वाक्य पक्कं, दुसरंही खरं. त्यावरून तिसरं निघत नाही.

फ्रेंचांवरचा राग खोटा नव्हता. जानेवारी २०१३ मध्ये ते मालीत उतरले तेव्हा टिंबक्टूच्या लोकांनी फ्रेंच झेंडे हातात घेऊन त्यांचं स्वागत केलं होतं. पण ज्या टोळ्यांना हटवायला ते आले, त्यांची बरीच हत्यारं २०११ मध्ये गद्दाफी पडल्यावर लिबियाच्या कोठारांतून निघालेली होती, आणि लिबियावर बाँब टाकणाऱ्यांत फ्रान्सच पुढे होता. पुढे सहारा वाळवंटाच्या खालच्या साहेल पट्ट्यात ५,००० च्या आसपास फ्रेंच सैनिक राहिले. ते असतानाच लढाई उत्तर मालीतून मध्य मालीत आली, तिथून बुर्किना फासो आणि नायजरमध्ये शिरली. माणसं म्हणणारच, तुम्ही नक्की कशाची राखण करता? २०२० आणि २०२१ मध्ये मालीत लष्कराने दोनदा सत्ता उलथवली. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्रेंच मालीतून निघाले, मग बुर्किना फासो, डिसेंबर २०२३ मध्ये नायजर, जानेवारी २०२५ मध्ये चाड. अमेरिकेनेही नायजरमधल्या अगादेझला १० कोटी डॉलरहून जास्त खर्चून ड्रोनचा तळ बांधला होता, तो २०२४ मध्ये सोडावा लागला.

आता रशियन. वॅग्नर ही भाडोत्री लढवय्यांची रशियन कंपनी, तिची माणसं मालीत २०२१ च्या अखेरीस आली. मार्च २०२२ मध्ये मूरा नावाच्या गावात माली सैन्य आणि त्यांच्यासोबतच्या परदेशी लढवय्यांनी किमान ५०० माणसं मारली, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार चौकशीत निघालं. जुलै २०२४ मध्ये अल्जीरियाच्या सीमेजवळ तिनझाऊतेनला वॅग्नरचाच तांडा बंडखोरांच्या तावडीत सापडला. जून २०२५ मध्ये ‘आमचं काम झालं’ असं जाहीर करून वॅग्नर निघाली आणि रशियाच्या संरक्षण खात्याचं ‘आफ्रिका कोअर’ मागे राहिलं. त्यानंतर तीन महिन्यांत राजधानीचं डिझेल तुटलं.

मी प्रत्येक सौद्यात विचारायचो तेच इथे विचारतो. पैसे कोण देतं, आणि कशात देतं? मालीत महिन्याला सुमारे १ कोटी डॉलर, असा अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांचा अंदाज होता. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१८ पासून वॅग्नर आहे. तिथे मोबदल्यात न्दासिमाची सोन्याची खाण आणि जंगलाचे ठेके मिळाले. केळीच्या बागेला राखणदार ठेवला आणि पगाराऐवजी घडांत हिस्सा दिला, तर तो रात्री कुठे उभा राहील? भारी घड जिथे, तिथे. बाकीच्या बांधावरून कोणी शिरलं तर त्याचं त्याला काय!

मात्र हे जनरल भोळे आहेत असं समजू नका. फ्रेंच निवडणुका कधी घेता म्हणून विचारायचे, रशियन विचारत नाहीत. राजवाडा राखायला माणूस हवा होता, तो मिळाला. गाव राखायला कोण, ते करारात लिहायचंच राहिलं.

आप्पा, आफ्रिकामा कोन लढस, कोन मरस, आपले काय करनं शे?
– एक शेतकरी, भडगाव

भाऊ, तुम्ही तूर पिकवता म्हणून तुरीतूनच सांगतो. आपल्याकडची तूर कमी पडली की जळगावच्या डाळमिला आफ्रिकेच्या मालावर चालतात. बाजारात त्याला गजरी, अरुशा, मटवारा म्हणतात. यातलं मटवारा हे टांझानियाच्या अगदी दक्षिणेचं बंदर. त्याच्या खाली रुवुमा नदी, आणि नदीपलीकडे मोझांबिकचा काबो देलगादो प्रांत. तिथे ऑक्टोबर २०१७ पासून बंड चालू आहे.

प्रांत गरीब, पण जमिनीत माणकं आणि समुद्रात गॅस. गॅस सापडला, कंपन्या आल्या, किनाऱ्यावरची मच्छीमार कुटुंबं उठवली गेली, नोकऱ्या बाहेरच्यांना गेल्या. त्या रागावर कोणी धर्माचं तेल ओतलं. मग पहारेकरी बघा कसे बदलले. २०१९ मध्ये वॅग्नर आली. जंगलात माणसं गमावली आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळला. मग दक्षिण आफ्रिकेची एक खासगी कंपनी हेलिकॉप्टरं घेऊन आली. तरी मार्च २०२१ मध्ये बंडखोर पाल्मा शहरात घुसले, आणि टोटाल या फ्रेंच कंपनीने २,००० कोटी डॉलरचा गॅस प्रकल्प थांबवला. जुलैत रवांडाचे १,००० सैनिक आणि पोलीस उतरले. रवांडा काही शेजारी नाही, मध्ये सगळा टांझानिया पडतो. पण शिस्तीची फौज; महिनाभरात त्यांनी आणि मोझांबिकच्या सैन्याने मोसिंबोआ दा प्राया हे बंदर परत घेतलं.

याचे पैसे? युरोपीय संघाने रवांडाच्या या फौजेला २०२२ मध्ये २ कोटी युरो दिले, २०२४ मध्ये पुन्हा तेवढेच. आणि ज्या एम-२३ बंडखोरांनी जानेवारी २०२५ मध्ये काँगोचं गोमा शहर घेतलं, त्यांच्या पाठीशी रवांडाचंच सैन्य आहे, असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगत आले. मार्च २०२५ मध्ये त्याच युरोपीय संघाने रवांडाच्या लष्करी अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले. एका खिशातून पगार, दुसऱ्या खिशातून दंड. गंमत म्हणजे या गॅस प्रकल्पात ३० टक्के हिस्सा भारताच्या सरकारी तेल कंपन्यांचा आहे. म्हणजे तिथला पहारा थोडा आपलाही म्हणायचा.

तरी बंदुकीमुळे तूर महागते असं मी म्हणणार नाही. मोझांबिकची बहुतेक तूर काबो देलगादोच्या खालच्या प्रांतांत पिकते आणि नकाला बंदरातून निघते. तिचा भाव दिल्लीच्या एका अधिसूचनेने हलतो. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ २०० रुपये किलोला भिडली, २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर घेण्याचा करार केला, तिकडच्या शेतकऱ्यांनी तूर लावली. ऑगस्ट २०१७ मध्ये आपण आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडचे भाव कोसळले. त्याच वर्षी तुमचीही तूर हमीभावाखाली गेली होती, आठवतं? एका अधिसूचनेखाली दोन्हीकडचे शेतकरी सापडले. तिकडची तरणी पोरं हातावर हात धरून बसली की बंदूक देणारा जवळच असतो. आपलं करनं शे ते इतकं.

जिबूतीत कोणाकोणाचे लष्करी तळ आहेत? परीक्षेसाठी हवं आहे.
– एमपीएससीची विद्यार्थिनी, सावदा

फ्रान्स, अमेरिका, चीन, जपान, इटली. यादी पाठ झाली, आता कारण बघ, मुलाखतीला कारणच विचारतात. देश जळगाव जिल्ह्याच्या साधारण दुप्पट, वस्ती १० लाखांच्या आसपास, पिकत काही नाही. पण समोर तांबड्या समुद्राचं तोंड, बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी, सुएझकडे जाणारं प्रत्येक जहाज दारातून जातं. अमेरिकेचा कॅम्प लेमोनिए पूर्वी फ्रेंचांचा होता. २०१४ च्या करारानुसार त्याचं भाडं वर्षाला ६ कोटी ३० लाख डॉलर. जपानचा तळ २०११ चा, दुसऱ्या महायुद्धानंतरचा त्यांचा पहिला परदेशी तळ. चीनने आपला पहिला परदेशी तळ १ ऑगस्ट २०१७ ला इथेच उघडला, त्यांच्या सैन्याच्या नव्वदाव्या स्थापनादिनी. तो अमेरिकी तळापासून मोटारीने थोड्याच अंतरावर आहे. २०१८ मध्ये अमेरिकेने तक्रार केली की चिनी तळाकडून आमच्या वैमानिकांच्या डोळ्यांवर लेसर मारले जातात. चीनने कानावर हात ठेवले. घरमालक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष इस्माइल ओमर गेल्लेह, १९९९ पासून तेच. इतके भाडेकरू असले की कोणीच त्यांना जा म्हणत नाही.

हे जुनं शीतयुद्धच पुन्हा चालू झालं आहे का?
– निवृत्त बँक कर्मचारी, नंदुरबार

नाना, तुम्ही १९७७ ची वर्तमानपत्रं वाचली असतील. सोमालिया तेव्हा रशियाचा मित्र. बर्बेराच्या बंदरावर सोव्हिएत आरमार, धावपट्टी त्यांनी वाढवलेली. सोमालियाने ओगादेन या सोमाली वस्तीच्या भागासाठी इथिओपियावर चाल केली आणि मॉस्कोने भर लढाईत बाजू बदलली: शस्त्रं इथिओपियाला, सोबत हजारो क्युबन सैनिक. सोमालियाने रशियनांना घालवलं, मार्च १९७८ पर्यंत लढाई हरली, आणि १९८० मध्ये तेच बर्बेरा अमेरिकेला वापरायला दिलं. तीच धावपट्टी. आता बर्बेराचं बंदर दुबईची कंपनी चालवते.

फरक एवढाच वाटतो की तेव्हा पुस्तक हातात धरून बाजू घ्यावी लागे, मार्क्सचं नाहीतर दुसरं. आता ती अट गेली. माली रशियन माणसं ठेवतो, तुर्की ड्रोन विकत घेतो आणि चिनी कंपनीला लिथियमची खाण देतो, सगळं एकाच वेळी. सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, तुर्कस्तानचा मोठा तळ २०१७ पासून आहे. दोन गिऱ्हाइकांच्या बाजारात पाच-सात आली की विकणाऱ्याची चैन. विकणारा मात्र राजवाड्यात बसलेला, हे लक्षात असू द्या.

सुदानचं सोनं आपल्या सराफ बाजारात येतं का?
– एक कारागीर, जळगाव

सोनं एकदा गाळलं की त्याचं गाव कळत नाही, हे तुम्हीच मला शिकवाल. सुदानचं सोनं मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीत जातं, आणि भारत दुबईकडून सोनं घेतो. १५ एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये जनरल बुरहान यांचं सरकारी सैन्य आणि हेमेदतीची आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढत आहेत. दोघांचाही खर्च खाणींवर चालतो. अमिराती आरएसएफला शस्त्रं पुरवतात असा आरोप आहे, ते नाकारतात. इजिप्त सैन्याच्या बाजूला, इराणचे ड्रोनही सैन्याकडे, आणि रशियाला पोर्ट सुदानला आरमारी तळ हवा आहे. २६ ऑक्टोबर २०२५ ला अल-फाशर शहर आरएसएफने घेतलं आणि तिथे जे घडलं ते इथे लिहवत नाही.

भारत यात धुतल्या तांदळासारखा आहे का?
– एक वाचक, अमळनेर

नाही, पण आपली रीत वेगळी होती. ५ डिसेंबर १९६१ ला काँगोत एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया शहीद झाले, ते संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली. त्यांना परमवीरचक्र मिळालं. इथिओपियातली हरारची आणि नायजेरियातली कडुनाची लष्करी अकादमी उभी करायला भारतीय अधिकारी गेले. तिथून निघालेल्यांपैकी काहींनी पुढे बंडंही केली, तो भाग आपण भाषणांत गाळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसच्या आगालेगा बेटावर आपण बांधलेली धावपट्टी सुरू झाली. दोन्ही सरकारं म्हणतात की तो तळ नाही. बरं.

मुलगा आयटीआय झालेला वायरमन आहे. एजंट म्हणतो पश्चिम आफ्रिकेत टॉवर लाइनचं काम आहे, पगार इथल्या तिप्पट. पाठवू का?
– एक आई, शिरपूर

ताई, बाकी पत्रं बाजूला ठेवून तुमचं दोनदा वाचलं. १ जुलै २०२५ ला मालीत ‘काय’ (Kayes) नावाच्या भागातल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय पळवले गेले. त्याच महिन्यात नायजरमधल्या दोस्सो भागात विजेच्या लाइनच्या कामावर हल्ला झाला, दोन भारतीय मारले गेले, एकाला उचलून नेलं. नोव्हेंबरमध्ये मालीत कोब्रीजवळ पाच भारतीय पळवले, तेही विद्युतीकरणाच्या कंपनीतले. म्हणजे तुमच्या मुलाचंच काम. अशा कामांवर सैन्याचा पहारा असतो, आणि पहारा दिसला की टोळीला ठिकाण कळतं. परदेशी कामगार म्हणजे त्यांना खंडणी.

सगळी पश्चिम आफ्रिका अशी नाही. घाना, सेनेगलमध्ये आपली माणसं सुखाने कामं करतात. म्हणून आधी देश विचारा, मग जिल्हा, मग गाव. एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे का, ते तालुक्याच्या सेतू केंद्रात कोणाकडून तरी बघून घ्या. दहावी न झालेल्यांना ज्या १८ देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते, त्या यादीत सुदान, लिबिया आहेत. माली आणि नायजर नाहीत. म्हणजे तिथे जाताना वाटेत कोणी थांबवणार नाही, थांबायचं ते तुम्हालाच. बामाको आणि नायजरची राजधानी नियामे, दोन्हीकडे भारताचा दूतावास आहे, त्यांना ईमेल टाकून कंपनीचं नाव विचारता येतं. विम्याची रक्कम आणि पळवून नेल्यास पगार घरी चालू राहील का, हे करारात लिहून मागा. या प्रश्नावर एजंट चिडला तर तेच तुमचं उत्तर.

करारात नुसतं ‘पश्चिम आफ्रिका’ लिहिलं असेल तर सही करू देऊ नका. मूळ पासपोर्ट एजंटकडे दिला असेल तर तो आधी परत आणायला सांगा. करार इंग्रजीत असला तर मासिकाच्या पत्त्यावर त्याची झेरॉक्स पाठवा, वाचून त्याच आठवड्यात कळवतो.