कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेलो तर घरी कळेल का? नोकरीला आडवं येईल का?

तू स्वतः सांगितल्याशिवाय सहसा घरी कळायचं कारण नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुझं घोडं तिथेच अडलेलं दिसतंय. बाकी तू लिहिलंयस ते असं: मोहोळहून सोलापूरला रोज अप-डाउन, एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, दोन महिने झोपेचं खोबरं, प्रॅक्टिकलला दांड्या, सेमिस्टर तोंडावर. मित्र म्हणतात, ‘काय बे, कशाला टेन्शन घेतो.’ आई म्हणते, बाहेरचं काहीतरी झालंय, देवऋषाकडे जाऊ.

मी सोलापुरातच एका कॉलेजात शिकवते. मेंटॉर म्हणून पोरं वाटून दिलेली असतात, त्यामुळे असे प्रश्न दर सेमिस्टरला माझ्या टेबलावर येतात. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते.

समुपदेशक म्हणजे डॉक्टर नव्हे. तो गोळ्या लिहून देत नाही, बोलतो आणि बोलू देतो. पहिल्या भेटीत साधेच प्रश्न असतात: झोप कधीपासून गेली, जेवण कसंय, घरी कोण कोण, पैशाची ओढाताण आहे का, मावा-दारू काही आहे का. ‘जगणं नको वाटतं का’ हेही सरळ विचारतात. दचकू नकोस, सगळ्यांनाच विचारतात. असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट असेल तर बाहेर येतो.

अडचण येते ती दाराशी. आमच्याकडे पूर्वी समुपदेशन कक्ष स्कॉलरशिपच्या खिडकीला लागून होता आणि त्या खिडकीपुढे कायम रांग. शंभर डोळ्यांदेखत त्या दारातून कोण आत जाणार? एक पोरगी बोनाफाईडचा फॉर्म हातात धरून यायची, ऑफिसात काम असल्यासारखं दाखवायची आणि हळूच कक्षात शिरायची. नंतर कक्ष लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर नेला, तेव्हा कुठे पोरं यायला लागली. बऱ्याच ठिकाणी मानसशास्त्राच्या मॅडमनाच जादा काम म्हणून समुपदेशक नेमतात. ज्यांच्या हातात आपले इंटर्नलचे मार्क, त्यांच्यापुढे मन मोकळं करायला पोरं धजत नाहीत, आणि त्यात पोरांचं काही चुकत नाही.

तुमच्याकडे कुणीच नसेल तर विचारायला लाजू नको. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं.

पण खरं सांगू? दोन महिने झोप नाही आणि त्यापायी प्रॅक्टिकल बुडतायत, एवढ्यावर मी नुसत्या समुपदेशनावर थांबले नसते. सरळ सिव्हिलला जा. कागदोपत्री नाव श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, पण स्टँडवर रिक्षावाल्याला ‘सिव्हिल’ म्हटलं की पुरे. वैशंपायन मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल तेच. सकाळी लवकर पोच, केसपेपर काढ, मानसोपचार ओपीडी विचार. केसपेपरचे पैसे किरकोळ असतात. बाकड्यावर तुझ्या शेजारी एखादा कामगार असेल, बाळंतपणानंतर झोप उडालेली बाई असेल, दारू सोडायला आलेला कुणी असेल. ‘वेड्यांची ओपीडी’ बघायला मिळेल या भीतीने गेलास तर चकित होशील, इतकी साधी माणसं तिथे बसलेली असतात. डॉक्टर थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, कारण थकवा आणि उदासी कधीकधी तिथूनही येते.

गोळ्या सुरू झाल्याच तर दोन गोष्टी लक्षात ठेव. डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडायच्या नाहीत. बरं वाटलं तरी आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची, म्हणून मित्राच्या मेडिकलमधून त्या परस्पर आणायच्या नाहीत.

आता रेकॉर्ड. केसपेपर कॉलेजात जात नाही, मार्कशीटवर किंवा टीसीवर यातलं काही छापत नाहीत, म्हणजे नोकरी देणाऱ्याला त्या कागदांवरून काही कळत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे. त्यानुसार उपचार करणाऱ्याने तुझी माहिती गुप्त ठेवायची असते. जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितली असेल, असे मोजके अपवाद आहेत. कॉलेजच्या समुपदेशकाला मात्र पहिल्याच भेटीत स्वच्छ विचार: ‘हे तुम्ही कुणाला सांगता? एचओडींना कळतं का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे जेवढ्यास तेवढं बोल.

रात्री फारच जड झालं तर १४४१६ ला फोन कर. ही मनाच्या त्रासावर फोनवरून बोलण्यासाठीची केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आपल्याकडे कितीतरी घरांत तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, त्यांच्यासाठी त्या भाषाही आहेत. आणि मरणाचे विचार येत असतील तर ओपीडीची वाट बघू नको. त्याच क्षणी कुणाला तरी सोबत घे आणि सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, ती रात्रभर उघडी असते.

आईशी वाद घालू नको. तिला ‘डिप्रेशन’ सांगितलंस तर ती धसका घेईल. ‘झोप लागत नाही, डॉक्टरला दाखवतो’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. ती सिद्धेश्वराला घेऊन जाते म्हणाली तर खुशाल जा, तळ्याकाठी बसून तिलाही जरा बरं वाटेल. देवऋषाने ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद कर’ म्हटलं तर मात्र ऐकायचं नाही.

बुडलेल्या प्रॅक्टिकलचं लगेच बघ. जर्नल सबमिशनच्या आधी एचओडींना अर्ज दे, नंतर कुणी दाद देत नाही. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोड. त्यात ‘उपचार सुरू आहेत’ एवढंच लिहा म्हणून डॉक्टरांना विनंती करता येते, आजाराचं नाव घालायलाच हवं असं नाही.