संन्याशाला फाशी देण्याआधी
(सदर : बॉनेट उघडल्यावर)

प्रश्न : माझी डिझेल सेदान १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. दर पौर्णिमेला आम्ही तुळजापूरला जातो. घाट चढताना मागून काळा धूर येतो, मग गाडी एकदम मरते आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. बाजूला थांबून चावी बंद-चालू केली की दिवा तसाच राहतो, पण गाडी पळते. गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड आला. त्यांनी बूस्ट प्रेशर सेन्सर बदलला, ३२०० रुपये झाले. दहा दिवसांत पुन्हा तेच. आता टर्बो बदला म्हणतात, ४० हजार. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : टर्बोचे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे, पैसे अजून देऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार दिसतोय. पी ०२९९ म्हणजे ‘मागितली तेवढी हवा दाबून मिळत नाही’. हा दाब मोजणारा सेन्सर बिघडला असं तो कोड म्हणतच नाही. सेन्सरच्या वायरीत किंवा सिग्नलमध्ये गडबड असेल तर बहुधा पी ०२३७ किंवा पी ०२३८ येतो, सिग्नल फार खाली गेला तर पहिला, फार वर गेला तर दुसरा. तुमच्या सेन्सरने खरं सांगितलं आणि त्यालाच काढून टाकलं!

तरी सेन्सरची साक्ष तपासायचीच. त्याला गाडी चालवावी लागत नाही. सकाळी गार इंजिन, चावी ऑन, स्टार्टर मारायचा नाही. स्कॅनरवर हवेचा दाब बघा. इंजिन बंद म्हणजे पाइपातला दाब बाहेरच्याइतकाच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, म्हणून इथे ९५-९६ किलोपास्कलच्या आसपास आकडा यायला हवा. पुस्तकात १०१ लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठचं. अक्कलकोट रोडला माझं गॅरेज होतं तेव्हा एका पोराने ९५ बघून ‘सेन्सर खराब’ म्हणून निकाल दिला, नवा लावला, पुन्हा ९५. तिसरा आणायला निघाला तेव्हा त्याला गेटवर अडवला. मोबाइलवरच्या हवामानातला आकडाही इथे चालत नाही, कारण तो समुद्रसपाटीचा हिशेब करून दिलेला असतो. त्यापेक्षा शेजारच्या चांगल्या टर्बो गाडीला स्कॅनर लावा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा.

हा आकडा बरोबर आला तरी सेन्सर वरच्या दाबाला चुकू शकतो. म्हणून पुढची परीक्षा रस्त्यावर. शेजारी कुणीतरी स्कॅनर धरून बसू दे, चालवणाऱ्याने बघायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ३००० पर्यंत जा. ‘मागितलेला दाब’ आणि ‘मिळालेला दाब’ हे दोन आकडे बरोबरीने चढायला हवेत. अशा डिझेलमध्ये भर जोरात २०० च्या पुढे जाणं नेहमीचं. मागणी २२० आणि मिळकत १५० असेल तर हवा कुठेतरी पळतेय किंवा टर्बो पुरेशी दाबत नाही. आधी पळणारी हवा शोधा, ते स्वस्त आहे.

यासाठी माझी जुनी युक्ती सोलापुरी टॉवेलची. फाटका पांढरा टॉवेल घ्या, त्याच्या पट्ट्या करा. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप पुसून कोरडे करा आणि प्रत्येक जोडावर एकेक पट्टी बांधा. एक्झॉस्टच्या जवळ मात्र कापड नको, पेटेल. मग घाट चढून या. हवेबरोबर तेलाची वाफ बाहेर येते, जिथे पट्टी काळी-तेलकट झाली तिथे चोर. पाइपाची चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते आणि दाब चढला तरच उघडते, त्यामुळे उभ्या गाडीत नुसतं बघून ती सापडत नाही. आपल्या मे महिन्यात रबराची काय दशा होते ते सांगायला नको.

पाइप चांगले निघाले तर टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे, म्हणजे टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या डबीकडे, जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी बघा. टोकाला तडकली असेल तर कापून पुन्हा बसवता येते. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढून धरा, ॲक्च्युएटरचा दांडा हलून तिथेच थांबला पाहिजे. हळूहळू परत येत असेल तर आतला पडदा फाटलाय. एवढं सगळं झाल्यावरच टर्बोच्या शाफ्टला हात लावा.

चावी फिरवल्यावर गाडी बरी का होते? दाब कमी पडला की कॉम्प्युटर इंजिन वाचवायला डिझेल आखडतं घेतो, आणि चावी बंद केली की तो हट्ट सोडतो. दोष तिथेच असतो.

आणि हो, जुना सेन्सर फेकला नसेल तर मागून घ्या. तोंडाशी काजळी असेल, ती ईजीआरची, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेची. सेन्सरला चालणाऱ्या स्प्रेने धुऊन वाळवा. आत पिन घालू नका, पातळ पडदा असतो, गेला की गेला. पेट्रोल किंवा रॉकेलही नको.

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल गाडीत आयडलिंगला दाब ३५ दाखवतो. भावाच्या डिझेलमध्ये ९७. माझा सेन्सर गेला का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही गेला. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन ओढतं आणि मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) पोकळी होते, म्हणून ३५. डिझेलमध्ये सहसा तशी अडवणूक नसते. उलट तुमच्याकडे आयडलिंगला ७० दिसलं असतं तर मी हवा कुठून आत शिरते ते शोधायला सांगितलं असतं.

प्रश्न : सर्व्हिसिंगमध्ये इंजिन धुतल्यापासून टर्बो सेन्सरसकट आणखी दोन सेन्सरचे कोड एकदम येतात. तिन्ही बदलू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तिघे एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. बऱ्याच गाड्यांत अशा सेन्सरना कॉम्प्युटरकडून ५ व्होल्ट एकाच ओळीवरून मिळतात. एक आतून शॉर्ट झाला किंवा कनेक्टरमध्ये पाणी बसलं की सगळ्यांचे व्होल्ट पडतात. मीटर लावून ते ५ मोजा आणि एकेक कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ परत आले, तो धरा. आधी मात्र कनेक्टर उघडून हवा मारा आणि दिवसभर उन्हात ठेवा. बार्शीत उन्हाचे पैसे पडत नाहीत.