ऑटिझम संशोधनाचा निधी: प्रस्ताव कुठे अडतो?

प्रश्न: मी वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पालकांना घरच्या घरी खेळायच्या खेळांचं प्रशिक्षण दिलं, तर स्वमग्न मुलांच्या संवादात फरक पडतो का, हे तपासायचं आहे. दोन गटांत 20-20 मुलं आणि मोजमापाला 'इसा' (ऑटिझम मोजण्याची भारतीय पट्टी) असं लिहिलं होतं. ‘नमुनासंख्येला आधार नाही, मोजमाप अयोग्य’ असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. काय चुकलं?
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि दोन्ही दुरुस्त करता येतील.

20 हा आकडा कुठून आला, हे प्रस्तावात दाखवावंच लागतं. दोन गटांतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचं माप) अपेक्षित असेल, तर 5 टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) आणि 80 टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात 64 मुलं लागतात. मधेच सोडून जाणारी 20 टक्के धरा, म्हणजे 80, एकूण 160. 20-20 मुलांत सुमारे 0.9 प्रमाण विचलनाएवढा मोठा फरकच हाती लागतो, आणि तेवढी अपेक्षा पालक-प्रशिक्षणाकडून ठेवणं धाडसाचं आहे. एका केंद्रात 160 मुलं मिळणार नसतील, तर दुसरं केंद्र जोडा. नाहीतर ही फक्त व्यवहार्यतेची चाचणी आहे असं स्पष्ट लिहून निधीही तेवढाच मागा.

आता 'इसा'. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 70 पासून पुढे ऑटिझम. ही पट्टी निदानासाठी आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी उत्तम आहे. सहा महिन्यांत आई-मुलाच्या खेळात झालेला बारीक बदल टिपायला ती केलेली नाही. शिवाय तिची बरीच उत्तरं पालकांकडून येतात, आणि प्रशिक्षण घेतलेल्या आईला सुधारणा दिसणारच. त्यापेक्षा 10 मिनिटांच्या खेळाचं चित्रीकरण करा आणि मूल कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या व्यक्तीला गुण द्यायला सांगा.

याचं जवळचं उदाहरण गोव्यात आहे. ‘संगथ’ संस्था आणि रावळपिंडीतले सहकारी यांनी ‘ऑटिझम स्पीक्स’ या अमेरिकी संस्थेच्या निधीतून 65 मुलांवर ‘पास’ ही चाचणी केली. ती 2016 साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या संशोधन नियतकालिकात आली. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं आणि मोजमाप याच पद्धतीनं झालं. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. पण पालक आणि मूल यांनी एकाच गोष्टीकडे एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र कमी झाला. हेही त्यांनी छापलं. प्रस्तावात अशा कामाचा आधार द्या.

अंदाजपत्रकात बहुतेक जण कुटुंबांचा प्रवासखर्च विसरतात. वैजापूरहून आई मुलाला घेऊन एसटीनं येणार, दिवसाची मजुरी बुडणार. 160 मुलं, तीन फेऱ्या, दर फेरीला 600 रुपये: 2,88,000 रुपये झाले. हा आकडा लिहिला नाही, तर लांबची कुटुंबं गळतात आणि उरतात फक्त शहरातली. परदेशी चाचण्यांचा परवाना, प्रश्नावलीचं मराठीकरण आणि (अर्थ तपासण्यासाठी मूळ भाषेत) उलट भाषांतर, गुण देणाऱ्यांचं मानधन, यांच्याही ओळी हव्यात.

वेळापत्रकात पहिल्या महिन्यापासून मुलं घेऊ नका. एथिक्स कमिटीची (संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मान्यता, नेमणुका आणि सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी हे सगळं पहिल्या मुलाआधी व्हायला हवं. हा वेळ धरला नाही, तर पहिल्या वर्षाचा पैसा पडून राहतो आणि जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) 12-अ नमुन्यातल्या उपयोगिता प्रमाणपत्रात खर्च कमी दिसल्यानं पुढचा हप्ता अडतो.

प्रश्न: आमची पालकांची नोंदणीकृत संस्था आहे. आम्ही थेट अर्ज करू शकतो का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बिगरसरकारी संस्थांकडे डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) संशोधन संस्था म्हणून मान्यता मागते. पालक संस्थांकडे ती सहसा नसते, म्हणून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रस्तावात सहभागी संस्था व्हा. मात्र ‘सहकार्य करू’ एवढ्या पत्रावर थांबू नका. तुमच्या समन्वयकाचं मानधन आणि कामाचे तास सामंजस्य करारात लिहून घ्या. मुलं तुम्ही जमवायची आणि पैसा फक्त महाविद्यालयाकडे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

परदेशी निधीला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. 2020च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या नोंदणीवर पैसा आणण्याची वाट बंद आहे.

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. एका ठिकाणी ‘संशोधन चालू आहे’ म्हणून स्टेम सेल उपचार सुचवले, त्यासाठी काही लाख रुपये भरायला सांगितले. भरावेत का?
– वाचक आई, नाशिक

उत्तर: भरू नका. संशोधनासाठी होणाऱ्या उपचारांचा खर्च सहभागी कुटुंबाकडून घ्यायचा नसतो. तो निधी देणाऱ्यानं करायचा असतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळानं डिसेंबर 2022 मध्ये ऑटिझमवरचा उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करत नसल्याचं स्पष्ट केलं आहे, आणि आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा वापर अनैतिक ठरतो.

त्यांच्याकडे सीटीआरआय क्रमांक मागा. तो संकेतस्थळावर टाकलात की निधी कुणाचा, एथिक्स कमिटी कोणती, नोंदणी चाचणीआधीची की नंतरची, हे दिसतं. केवळ क्रमांक असणं म्हणजे सरकारची मान्यता नव्हे, हेही ध्यानात ठेवा. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा फोन असायला हवा. सही करण्याआधी तिथे फोन करून पैसे मागितल्याचं सांगा.