गर्भाशय काढल्यानंतर च्युइंगम चघळल्याने गॅस लवकर पास होतो का?

होतो. तुमच्या आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही विचारताय, तर पाकीट आजच बॅगेत टाका.

माझं पोट उघडून केलं होतं. टाक्यांचं दुखणं सोसवतं हो, फुगलेलं पोट नाही सोसवत. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. राउंडला जो येईल तो एकच विचारणार, "गॅस पास झाला का?" शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, च्युइंगम चघळा. त्यांची पाठ वळते न वळते तोच ताईने माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "वारा सरल्याशिवाय तोंडात काही घालायचं नसतं. माझ्या वेळी पाण्याचा थेंब दिला नव्हता." अगं, तुझ्या वेळी देत नव्हते म्हणून ते बरोबर होतं का? सिस्टरने पाकीट परत मिळवून दिलं तेव्हा ताई फुगून बसली.

तोंड इतकं कोरडं पडलेलं की आधी गम नुसता टाळूला चिकटायचा. मग लाळ सुटली. संध्याकाळी पोटात गुडगुड सुरू झाली आणि रात्री एकदाचं मोकळं वाटलं. ताई जागीच होती. म्हणते कशी, "मी तुला चालवलं म्हणून झालं!" हेच ती आजही चारचौघांत सांगते.

तर ताई, वाचत असशील तर वाच. नुसत्या चालण्याने आतडी लवकर जागी होतात याला फारसा पुरावा नाही. चालवतात ते पायात गुठळ्या होऊ नयेत, फुप्फुसं मोकळी राहावीत म्हणून. चघळण्याचं मात्र कारण सांगता येतं. जबडा हलला की मेंदूला वाटतं जेवण आलं, व्हेगस नर्व्ह म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस, तिच्यामार्फत निरोप जातो, पाचक रस सुटतात, आतडी हलायला लागतात. 2002 मध्ये जपानी सर्जननी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर हे करून पाहिलं होतं. कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2015 च्या आढाव्यात 81 अभ्यास, नऊ हजारांवर पेशंट होते. गॅस सरासरी दहाएक तास लवकर पास झाला.

किती चघळायचं? साधारण दिवसातून तीनदा, पंधरा मिनिटं ते अर्धा तास. सोबत बसणारं माणूस मात्र जपून निवडा. "आमच्या वेळी" म्हणणाऱ्याला भेटायच्या वेळेत येऊ द्या, रात्री ठेवू नका. उपाशी ठेवायची ती जुनी पद्धत आता राहिलेली नाही. साध्या स्त्रीरोग शस्त्रक्रियेनंतर 24 तासांच्या आत खायला देतात.

आणि हो, आढाव्यातले बरेच अभ्यास फार भक्कम नव्हते, आणि लवकर जेवण सुरू झालं तर गमचा फायदा कमीच दिसतो. अफूवर्गातलं वेदनाशामक चालू असेल तर आतडी तशीही सुस्तावतात. भुलीची गुंगी पुरती उतरल्याशिवाय गम देऊ नका, घशात अडकेल. उलट्या होत असतील किंवा आतड्यालाही हात लावला असेल तर आधी सर्जनला विचारा. कवळी असेल तर नकोच. शुगर-फ्री गममध्ये बहुतेक वेळा साखरेऐवजी सॉर्बिटॉल असतं, ते जास्त झालं तर त्यानेच पोट फुगतं.